भिंतीला पालथा हात

माझं घर बांधायला पहिल्यांदा आले तेव्हा डोमाजी मिस्त्रींनी ना फावडं आणलं होतं, ना ओळंबा. सकाळच्या एसटीनं उतरले, पिपरी मेघेच्या टोकाला असलेल्या आमच्या उघड्याबोडक्या प्लॉटवर एक चक्कर मारली आणि म्हणाले, "सूनबाई, दोन खुर्च्या आणा."

"दोन कशाला? दुसरी कोणासाठी?"

"तुमच्यासाठी. घर कोणाले पायजे? तुमाले. मंग म्या एकट्यानंच काऊन तपाचं?"

मे महिना. बारा ते चार मी त्या प्लॉटवर छत्री धरून बसले. आयुष्यभर पोस्टात खिडकीमागे बसून लोकांना रांगेत उभं केलं, त्याची शिक्षा भोगत असल्यासारखी. आजूबाजूच्या गॅलऱ्यांमधून लोक पाहत होते, की या बाईला झालंय तरी काय. डोमाजी डोक्याला दुपट्टा गुंडाळून शेजारी शांत बसलेले. अर्ध्या-पाऊण तासानं विचारायचे, "ऊन कुठी लागून राह्यलं?"

"डोक्यावर लागतंय, अजून कुठे!"

"डोकं राहू द्या. कोण्या गालाले?"

माझं तोंड उत्तरेला होतं. मी म्हटलं, डाव्या. "मंग तिकडली भिंत जाड. खिडकी नाई द्याची." साडेतीनला मानेवर जरा झुळूक आली. मी न विचारता सांगितलं तेव्हा ते पहिल्यांदा हसले. "हाव. मंग मागं खिडकी पायजे, अन् म्होरं तिच्यासमोर दुसरी. वारा पावणा हाय. त्याले येवाचा रस्ता दाखवला तं जावाचाबी दाखवा लागते, नाई तं तो उंबऱ्यातूनच वापस जाते." आजही कोणी विचारलं, की या घराचा नकाशा कोणी काढला, तर मी सांगते, माझ्या गालानं.

हा सगळा खटाटोप कशासाठी, ते सांगायला हवं. त्याच महिन्याच्या सुरुवातीला आमच्या ह्यांना ऊन लागलं होतं. बाहेर हिंडताना नाही. घरात, बसल्या जागी. आम्ही भाड्यानं राहत होतो ती खोली वरच्या मजल्यावर, थेट स्लॅबखाली. लाइट गेलेली, कूलर बंद. मी ऑफिसातून आले तर हे भिंतीला टेकून बसलेले, अंग तव्यासारखं, आणि मला ओळखेनात. हिंगणघाटच्या जिनिंगमध्ये तीस वर्षं कापसाच्या गाठी मोजलेला माणूस स्वतःच्या बायकोला "कोण पाहिजे?" विचारत होता. दवाखान्यात चार दिवस काढले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, पुन्हा असं झालं तर हे शरीर सोसणार नाही. एसी घ्या म्हणायला सगळे पुढे. अहो, पण मेमध्ये दुपारी लाइटच जाते, तेव्हा एसीकडे पाहून थंड वाटून घ्यायचं का? मला असं घर हवं होतं, जे लाइट गेल्यावरही ह्यांना जिवंत ठेवील. बस, एवढंच.

डोमाजी ह्यांच्या गावचे. हिंगणघाट रस्त्यावर, एसटीनं अर्ध्या तासाचं गाव. ना नात्याचे, ना जातीचे, पण गावच्या हिशेबानं हे त्यांना काकाजी म्हणत, म्हणून ते माझे मामाजी. आमच्याकडे सासऱ्याला मामाजी म्हणतात. सत्तरीच्या पुढचा, शेवग्याच्या शेंगेसारखा माणूस. पंचक्रोशीतली मातीची घरं त्यांच्या हातची, आणि त्यातली बहुतेक आता पडत चाललेली. लोक घरकुल मंजूर झालं की जुनं घर पाडत. डोमाजींचा स्वतःचा मुलगा प्रकाश सेंटरिंगचं काम करायचा, म्हणजे स्लॅब टाकायचा. बापानं माती रचायची, लेकानं सिमेंट ओतायचं. "एका घरात दोन पक्ष," असं डोमाजी स्वतःच म्हणायचे.

पहिली भानगड मातीची. आमचा प्लॉट काळ्या मातीचा. ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात एवढी भेगाळते की मांजराचं पिल्लू हरवावं. मला वाटलं, माती तर पायाखालीच आहे, फुकटची. तसं म्हटल्यावर डोमाजींनी माझ्याकडे असं पाहिलं, की जणू मी पुरणात मीठ घालायला निघालेय. "काळी पोटाले, पांढरी पाठीले," म्हणाले. काळी पिकासाठी. घराला पांढरी माती, गावठाणातली. पायातली सगळी काळी त्यांनी उपसून काढली, मुरूम आणि दगड भरला, आणि पांढरी कुठून आणली, तर पडलेल्या घरांच्या भिंतींची. गावात कोणी घर पाडलं, की ट्रॉली भरून माती आमच्या प्लॉटवर. आलेली प्रत्येक ट्रॉली ते चाखायचे. चिमूटभर दाताखाली धरायची, डोळे मिटायचे. "ही रामकृष्णाच्या गोठ्याची. रेती जास्त हाय." एकदा आमच्या ह्यांनाही चिमूट दिली. हे बिचारे भिडस्त, खाल्ली आणि म्हणाले, "चांगली आहे." डोमाजी महिनाभर त्यावर हसत होते.

मग ती माती कुटार घालून, म्हणजे तुरीचा आणि गव्हाचा भुसा घालून, पायानं तुडवली आणि आठ दिवस आंबत ठेवली. वास असा सुटला की शेजारच्या गुरुजींनी आधी नाकाला रुमाल लावला, मग खिडक्या लावल्या, मग आमच्याशी बोलणं सोडलं. डोमाजी म्हणाले, "इडलीचं आंबवते तवा कोणी रुसत नाई."

त्यांचा सगळा जीव भिंतीत. दीड हात जाडीची भिंत, हातभर थर रचायचा, वाळू द्यायचा, मग दुसरा. मी घाई केली की कामच थांबवायचे आणि बशीत चहा ओतून सावकाश फुंकत बसायचे. ते सिमेंटचे वैरी होते असंही नाही. न्हाणीघराला त्यांनी स्वतःच सिमेंट लावलं. "जिथं पानी तिथं सिमेंट, जिथं मानूस तिथं माती." वर बांबूच्या ताट्या, त्यावर मातीचा थर, त्याच्या वर मोकळी जागा सोडून कवेलू, म्हणजे कौलं. मधल्या खोलीत तीन कवेलू काचेचे, कारण "दिवसा लाइट लावा लागते ते घर नाई, भुयार हाय." वानरं कवेलू फोडतील म्हणून मी धास्तावले होते. त्यांनी आढ्यावर बाभळीच्या काट्या बांधल्या. वानरं आली, बसली आणि ज्या वेगानं उठली, ते पाहून रुसलेले गुरुजीसुद्धा हसले आणि बोलायला लागले.

आणि एक सवय. येता-जाता भिंतीला हात लावायचे. तळवा नाही, पालथा हात, आई लेकराच्या कपाळाला लावते तसा. मी विचारलं तर म्हणाले, "ताप हाय का पाहून राह्यलो." दुपारी तीनला पश्चिमेच्या भिंतीला आतून हात लावायचे आणि समाधानानं मान हलवायचे. "नाई. ताप नाई."

आता माझी चूक. ती सांगितल्याशिवाय डोमाजी पुरे होत नाहीत.

अक्षय तृतीयेला वास्तू ठरली होती. आठ दिवस आधी नागपूरहून माझी नणंद घर पाहायला आली. सगळं फिरून झाल्यावर म्हणाली, "वहिनी, जन्मभर नोकरी केलीत, आणि शेवटी मातीचंच घर? लोक म्हणतील, पैसे संपले वाटतं." मी वरून हसले, पण रात्रभर ते वाक्य गादीतल्या ढेकणासारखं चावत राहिलं. डोमाजी भाचीच्या लग्नाला गेले होते. मी काय करावं? प्रकाशला फोन केला. डोमाजींच्याच प्रकाशला. "समोरच्या आणि पश्चिमेच्या भिंतीला बाहेरून सिमेंटचा हात मारून दे, वर पिवळा रंग. तुझे बाबा यायच्या आत."

प्रकाश खूश. "मी तं कवाचं म्हणून राह्यलो, बाई. आता घर घरासारखं दिसन."

वास्तूच्या दिवशी डोमाजी धुतलेलं धोतर नेसून आले. पिवळ्या भिंतीपाशी थांबले. पालथा हात लावला आणि कितीतरी वेळ तसाच ठेवला. मी पदराशी चाळा करत उभी. मग ते जेवायला बसले. दोन पुरणपोळ्या खाल्ल्या, ह्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि निघून गेले. मला वाटलं, सुटले बाई एकदाची.

तो मे मी घड्याळ पाहत काढला. एका दुपारी बारालाच लाइट गेली. बाहेर सगळं पांढरं पडलेलं, कुत्रीसुद्धा नाल्याच्या चिखलात. मी मधल्या खोलीत ह्यांच्या शेजारी बसून होते. हातात पाण्याचा तांब्या, ओला पंचा, दवाखान्याचा नंबर. हे खाली सतरंजीवर आडवे झाले आणि दहा मिनिटांत घोरू लागले. त्या घोरण्यावर मी तीस वर्षं चिडले असेन, त्या दिवशी ऐकत बसले आणि रडले. लाइट पाचला आली. ह्यांनी उठून विचारलं, "गेली होती का?"

म्हणजे सिमेंटनं काही बिघडलं नव्हतं. मी मनातल्या मनात डोमाजींवर कुरघोडीही करून टाकली.

श्रावणात पश्चिमेच्या भिंतीला आतून पांढरे डाग आले. मग पोपडे. मग भिंत हाताला ओली लागायला लागली. वरच्या एका फटीतून पाणी आत शिरत होतं आणि बाहेर पडायला त्याला रस्ताच नव्हता. भाद्रपदात एका सकाळी बाहेरून धाडकन आवाज आला. परातीएवढा सिमेंटचा तुकडा खाली पडला होता आणि मागची माती चिखल होऊन बाहेर येत होती. ज्या भिंतीच्या भरवशावर मी ह्यांना या घरात आणलं होतं, तीच भिंत. मी डोमाजींना फोन लावला. "मामाजी, चुकलं माझं," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी बापलेक दोघे आले. डोमाजींनी भिंत पाहिली. "भिंतीले रेनकोट घातला तुमी. तिचा घाम कुठून जाईन?" मग पडलेला तुकडा पायानं बाजूला सारून, "मातीची लाज वाटली तं वाटली. माणसाले वाटते. पण मले सांगाचं होतं ना, सूनबाई." ओरडले असते तर बरं झालं असतं. प्रकाशला म्हणाले, "तुयानं लावलं ना? मंग तूच काढ."

प्रकाश छिन्नीनं सिमेंट उतरवत होता. मी चहा घेऊन गेले तेव्हा त्याचा हात थांबलेला होता. भिंतीतून निघालेलं एक ढेकूळ तळहातावर घेऊन तो पाहत होता. त्यात निळसर चुन्याचा बारीक पापुद्रा होता.

"बाबा," तो म्हणाला, "ही आपल्या घरची माती हाय काय?"

त्याची आई होती तोवर चुन्यात नीळ कालवून घर सारवायची. सगळ्या गावात तेवढंच एक घर निळं होतं. आदल्या हिवाळ्यात, आमच्या भिंती चढत असताना, प्रकाशनं ते पाडून स्लॅब टाकला होता. माती ट्रॅक्टरवाल्यानं कुठे नेऊन टाकली, ते त्यानं विचारलंही नव्हतं. आणि डोमाजींनी मला सांगितलं नव्हतं. सगळ्या ट्रॉल्या चाखल्या, पण एक ट्रॉली आली तेव्हा ती न चाखताच पश्चिमेच्या भिंतीला लावा म्हणाले होते. मला ते तेव्हा आठवलं.

"मंग नाल्यात टाकू देतो काय?" डोमाजी म्हणाले. "तुयी माय दर दिवाळीले सारवे ते."

प्रकाशनं ते ढेकूळ भिजवलेल्या मातीत परत टाकलं आणि छिन्नी उचलली. त्यानंतर मात्र तो हलक्या हातानं काढत होता, जखमेवरची पट्टी काढावी तसं. मी चहाचे कप तसेच घेऊन आत आले. माझ्यानं तिथे उभं राहवेना. त्या माउलीच्या हातावर मी पिवळा रंग फासला होता.

दसऱ्यापर्यंत भिंत उघडी वाळत ठेवली. मग माती, कुटार, शेण आणि वर चुना. चुन्यात नीळ घाला, असं मीच म्हटलं. नणंद दिवाळीत आली तेव्हा काही बोलायच्या आत मी तिला सांगून टाकलं, की होय, मातीचंच आहे, आणि जेवायला बस.

पुढच्या उन्हाळ्यात डोमाजी दर आठवड्याला सकाळच्या एसटीनं यायला लागले. "भिंत पाहाले आलो." भिंतीला हात लावायचे, भाकर-कांदा खायचे आणि मधल्या खोलीत ह्यांच्या शेजारी सतरंजीवर आडवे व्हायचे. दोघांचं घोरणं म्हणजे काय सांगू, जुगलबंदी. चारला उठून दुपट्टा झटकायचे आणि निघायचे. भिंत हे निमित्त होतं, हे आम्हाला कळत होतं. स्वतःच्या नव्या घराबद्दल ते एवढंच म्हणाले होते, "चांगलं हाय. लाइट हाय, फरशी हाय. पण झोप नाई लागत दुपारची." मी दर वेळी म्हणायची, जेवून जा. राहा, असं एकदाही म्हणाले नाही.

नवतपा लागला. मेअखेरचे ते नऊ दिवस आमच्याकडे माणसं नुसते दिवस मोजून काढतात. त्या आठवड्यात डोमाजी आले नाहीत. दुपारी प्रकाशचा फोन आला. "बाई, बाबाले ऊन लागलं. घरातच होते. मले ओळखून नाई राह्यले."

तेच वाक्य. हिंगणघाटच्या दवाखान्यात दोन दिवस सलाइन लागली. ते शुद्धीवर आल्यावर मी प्रकाशला म्हटलं, आमच्याकडे आण. गाडी करून आणलं. मधल्या खोलीत अंथरूण घातलं. आठ दिवस हे त्यांच्या उशाशी बसून पन्हं पाजत होते. गाठी मोजल्या त्याच शिस्तीनं चमचे मोजून. प्रकाश काम सोडून तिथेच. एका दुपारी तो भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपला आणि दचकून जागा झाला. लाइट नव्हती. वर पाहिलं, पंखा बंद. भिंतीकडे पाहिलं. बापाकडे पाहायचं टाळून त्यानं मला विचारलं, "बाई, स्लॅब पाडा लागन काय?"

उत्तर अंथरुणातून आलं. "पाडाचं नाव काढू नोको, गध्या. किती डाव पाडशीन? कुंभाराकडून मडके आण."

डोमाजी पुढे सहा महिने होते. दिवाळीनंतर थंडीत, झोपेत गेले. मी गावी पोचले तोवर सगळं आटोपलं होतं. म्हणून त्यांचं शेवटचं दर्शन म्हणून मी धरून आहे ते जूनमधलं, पाऊस लागायच्या आधीचं.

आम्ही दोघं डबा घेऊन त्यांच्या घरी गेलो होतो. भर दुपार. प्रकाशनं अर्ध्या स्लॅबवर मडकी पालथी मांडून, म्हणजे आतल्या हवेनं ऊन वरच अडावं, मधल्या जागेत विटांचे तुकडे भरून, वरून चुन्याचा पांढरा थर दिला होता. अर्धा स्लॅब अजून उघडाच होता. खाली खोलीत डोमाजी खाटेवर पडून होते. आवाज बारीक झाला होता, पण हुकूम सोडणं चालू होतं. प्रकाश लाकडी घोडीवर चढून छताला तळहात लावत होता.

"तसा नाई," डोमाजी म्हणाले. "तळवा खोटं बोलते. पालथा लाव."

प्रकाशनं हात पालथा केला. आधी उघड्या स्लॅबखाली लावला आणि चटकन काढला. मग घोडी सरकवली, पुन्हा चढला, मडक्यांच्या खालच्या बाजूला लावला. काढला नाही. तसाच उभा राहिला.

"काय म्हणते?" डोमाजींनी विचारलं.

"उतरून राह्यला, बाबा," प्रकाश म्हणाला. "ताप उतरून राह्यला."

डोमाजी छताकडे पाहतच नव्हते. ते त्या पालथ्या हाताकडे पाहत होते. मग त्यांनी कूस बदलली, दुपट्टा तोंडावर ओढला आणि आम्ही डबा उघडायच्या आत त्यांना झोप लागली.